क्रिएटिनिन उत्तम, मणका दबलेला

किडनी बदललेल्या माणसाचं सगळं एका आकड्यावर चालतं. ओपीडीच्या बाकावर ओळखीचा कुणी भेटला की घरचे कसे आहेत याच्याआधी तो विचारतो, ‘क्रिएटिनिन किती?’ रक्तातला हा कचरा जितका कमी, तितकी किडनी चांगली. माझं १.३ होतं. शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायच्या टॅक्रोलिमसची पातळी हवी तिथं, लघवीतून प्रथिनं जात नव्हती, बीपी आटोक्यात. प्रत्यारोपणाला दीड वर्ष होऊन गेलं होतं आणि कळंब तालुक्यातल्या माझ्या जिल्हा परिषद शाळेत मी पुन्हा रुजू झालो होतो. सगळं रांगेला लागलंय असं वाटत असतानाच पाठ मोडली.

पराक्रमाचं काही करत नव्हतो. पोषण आहाराच्या तांदळाचं अर्धवट रिकामं पोतं भिंतीकडं सरकवत होतो. वाकलो, ओढलं आणि पाठीच्या मधोमध कटकन काहीतरी झालं. श्वास अर्ध्यात अडकला. खाली बसवेना आणि उभंही राहवेना. सहकारी शिक्षकांनी मोटारसायकलवरून न्यायचं ठरवलं होतं. आमच्या मदतनीस मावशींनी ‘गाडीचे धक्के बसतील, जीप बोलवा’ म्हणून आरडाओरडा केला. त्यांचे उपकार आहेत.

आमच्याकडं पाठदुखीचं निदान दवाखान्याच्या पायरीवरच होतं. ‘मणक्यात गॅप आलाय.’ शिपाई, रिक्षावाला, औषध दुकानदार, सगळे हेच सांगतात. डॉक्टरांनी तपासलं, कंबरपट्टा लिहिला आणि डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन भरायला घेतलं. मी म्हटलं, ‘किडनी बसवलेली आहे, हे चालत नाही.’ बिचाऱ्यांनी लगेच सिरिंज बाजूला ठेवली आणि पॅरासिटामॉल दिलं. या जातीच्या वेदनाशामकांनी किडनीचा रक्तपुरवठा कमी होतो, हे डिस्चार्जच्या दिवशी मला आणि हिला चार वेळा बजावून सांगितलं होतं, म्हणून निभावलं. ज्याला ते कुणी सांगितलेलं नसतं तो काय करणार?

एक्स-रेत पाठीचा बारावा मणका पुढच्या बाजूनं दबलेला दिसला. मागून उंच, पुढून बसका. ‘गुरुजी, वजन उचललंत ना, म्हणून झालं,’ असा निकाल मिळाला. मी ४३ वर्षांचा. त्या पोत्यात फार तर पंधरा किलो तांदूळ असेल आणि तेही मी उचललं नव्हतं, ओढलं होतं. एवढ्यानं ४३ वर्षांच्या माणसाचा मणका का दबावा, हा प्रश्न मात्र कुणालाच पडला नाही.

पुण्याच्या किडनी ओपीडीतल्या पुढच्या भेटीत रक्त-लघवीचे रिपोर्ट पाहून सगळे खूश. पाठीचं सांगितलं तर ‘ऑर्थोला दाखवा’. ऑर्थोवाले म्हणाले, ‘किडनीचे पेशंट आहात, हाडांचं औषध नेफ्रोलॉजिस्टना विचारूनच देता येईल,’ आणि कॅल्शियमच्या गोळ्या लिहून मोकळे झाले. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर होतं. मधे मी, कंबरपट्टा लावून, हातात दोन चिठ्ठ्या. शेवटी एका ज्येष्ठ नर्स ताईंनी हळूच सुचवलं, ‘सर, हॉर्मोनच्या मॅडमना दाखवा, त्या हाडांचं बघतात.’ एंडोक्रायनोलॉजिस्टच्या दारात मी असा ताईंच्या कृपेनं पोहोचलो.

मॅडमनी आधी पाठीला हात लावलाच नाही. विचारत राहिल्या. डायलिसिसवर किती काळ होता? फॉस्फरसची गोळी जेवणासोबत नियमित घेत होता? प्रत्यारोपणानंतर रिजेक्शन, म्हणजे शरीरानं किडनी नाकारणं, आलं होतं का? आलं होतं, चौथ्या महिन्यात मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या मोठ्या डोसांची सलाईनं लागली होती. गोळीतलं स्टेरॉइड, प्रेडनिसोलोन, आता किती? रोज साडेसात मिलिग्रॅम. आणि मग विचारलं, ‘मांडी घालून बसल्यावर उठताना हात टेकावा लागतो का?’ लागत होता. ऑपरेशनचा अशक्तपणा म्हणून मी आणि घरच्यांनी तो सोडून दिला होता. मॅडम म्हणाल्या, स्टेरॉइडनं मांड्यांचे स्नायूही कमजोर होतात, ड जीवनसत्त्व कमी असलं की आणखी. म्हणजे हाड ठिसूळ, आणि पडताना सावरायची ताकदही कमी.

मग त्यांनी कागदावर रेघा मारून समजावलं. शिक्षकाला असं समजावणारं माणूस मिळालं की बरं वाटतं. हाड रोज थोडं मोडतं आणि रोज थोडं बांधलं जातं. स्टेरॉइड बांधणाऱ्या पेशींना बसवून ठेवतं, आतड्यातून कॅल्शियम कमी शोषलं जातं आणि लघवीतून जास्त जातं. सगळ्यात आधी मार बसतो तो मणक्यांच्या आतल्या जाळीदार हाडाला. आणि हे हळूहळू होत नाही, पहिल्या सहा महिन्यांत ते कोसळतं. १९९१ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये किडनी बदललेल्या रुग्णांवरचा एक अभ्यास आला होता, त्यात सहा महिन्यांत कंबरेच्या मणक्यांची घनता सरासरी ६.८ टक्क्यांनी घटली होती. पाळी गेल्यावर बाईचं हाड वर्षाला एक-दोन टक्के झिजतं, त्याच्या तुलनेत हे केवढं होतं बघा. तेव्हा स्टेरॉइडचे डोस मोठे असत, आता कमी झालेत, त्यामुळं झीजही कमी झाली आहे. पण ज्याला रिजेक्शनसाठी पुन्हा मोठे डोस लागले त्याला हा दिलासा पुरा लागू होत नाही.

शिवाय किडनीवाल्यांचं हाड प्रत्यारोपणाच्या आधीच बिघडलेलं असतं. किडनी बंद पडली की फॉस्फरस साठतो, ड जीवनसत्त्वाचं कामाचं रूप तयार होत नाही आणि गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी चवताळून हाडातलं कॅल्शियम ओढायला लागतात. नवी किडनी बसली म्हणून त्या ग्रंथी लगेच शांत होतातच असं नाही.

‘मग हाडांच्या घनतेची तपासणी आधीच का झाली नाही?’ मी विचारलं. आवाज चढला असावा, कारण हिनं माझ्या हाताला स्पर्श केला. मॅडमनी कुणावर ढकललं नाही. म्हणाल्या, किडनीच्या आजारांची जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आहेत, केडिगोची, त्यांनीच २००९ मध्ये सांगितलं होतं की किडनी फार बिघडलेल्यांत घनतेची तपासणी सरसकट करू नका, त्यावरून फ्रॅक्चरचा अंदाज बांधता येत नाही. नंतरच्या अभ्यासांतून तो बांधता येतो असं दिसलं आणि २०१७ मध्ये त्यांनी सल्ला बदलला. बदल कागदावर झाला तरी ओपीडीच्या छापील फॉर्मवर यायला वेळ लागतो. लिव्हरचे पेशंट मात्र बहुतेक ठिकाणी आधीपासूनच हाडांची तपासणी करून प्रत्यारोपणाच्या यादीत येतात. किडनीवाल्यांचं ते राहून जातं.

हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन आमच्या तालुक्यात होत नाही. मॅडमनी पुण्यातच एका सेंटरची चिठ्ठी दिली. तिथला प्रसंग सांगण्यासारखा आहे. काउंटरवरच्या मुलीनं चिठ्ठी पाहिली, माझ्या खांद्यावरून मागं उभ्या असलेल्या हिच्याकडं पाहिलं आणि म्हणाली, ‘मॅडम, या बसा, कधीपासून त्रास आहे?’ मी म्हटलं, पेशंट मी आहे. मग तिनं फॉर्म दिला. पहिल्याच पानावर प्रश्न: मासिक पाळी कोणत्या वर्षी बंद झाली? गर्भाशय काढले आहे का? मी दोन्हीपुढं आडवी रेघ मारली. स्टेरॉइड घेता का, हा प्रश्न दुसऱ्या पानाच्या तळाला होता. अवयव प्रत्यारोपण झाले आहे का, असा प्रश्नच नव्हता. मी तो समासात लिहून दिला.

तपासणी मात्र अगदी सोपी. त्या दिवशी कॅल्शियमची गोळी घ्यायची नाही, अंगावर धातू नको. पाठीवर झोपायचं, पोटऱ्यांखाली फोमचा चौकोनी ठोकळा, म्हणजे कंबरेचा बाक सपाट होतो. मग पाऊल आत वळवून पट्ट्यानं बांधतात, खुब्याचं चित्र घेतात. वरून एक हात सरकत जातो. पंधरा मिनिटं. किरणोत्सर्ग छातीच्या एक्स-रेइतकासुद्धा नसतो. खर्च माझ्या महिन्याच्या औषधांच्या बिलाहून कमी. उठताना त्या मुलीनं भिंतीशी उभं करून उंची घेतली. सेवापुस्तकात लिहिलेल्या उंचीपेक्षा मी दोन सेंटिमीटर बुटका झालो होतो.

रिपोर्टमध्ये दोन आकडे असतात, टी-स्कोअर आणि झेड-स्कोअर. टी म्हणजे तरुण निरोगी हाडाशी तुलना, उणे २.५ किंवा त्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार. झेड म्हणजे आपल्याच वयाच्या माणसांशी तुलना. ५० च्या आतल्या पुरुषांचा तोच बघायचा. माझा मणक्यांचा झेड उणे २.४ होता. उणे दोनच्या खाली म्हणजे वयाच्या मानानं कमी. मॅडमना त्या आकड्याचं फारसं कौतुक नव्हतं. ‘मणका मोडलाय ना, मग आकडा काहीही असो, निदान झालं.’

त्यांनी सांगितलेली आणखी एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. मांडीच्या हाडाच्या मानेसाठी टी-स्कोअरची जी जागतिक मोजपट्टी ठरली आहे, ती अमेरिकेतल्या २० ते २९ वर्षांच्या गोऱ्या स्त्रियांच्या हाडांवर बेतलेली आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या, दोन वर्षं डायलिसिस केलेल्या मास्तराचं हाडही त्याच पट्टीनं मोजायचं. त्यामागं शास्त्रीय कारण आहे, सगळ्यांना एकच पट्टी लावली तर देशोदेशीचे आकडे ताडून बघता येतात, हेही मॅडमनी सांगितलं. मला पटलं. तरी हसू आलंच.

आता औषध. इथं मला वाटलं होतं गोळी मिळेल आणि घरी जाईन. तसं नाही. आधी रक्त: कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, ड जीवनसत्त्व, पॅराथायरॉइड हॉर्मोन. ड जीवनसत्त्व फक्त ९ निघालं. मराठवाड्यातल्या उन्हात राहणाऱ्या माणसाचं! पण प्रत्यारोपणानंतर त्वचेच्या कॅन्सरचा धोका वाढतो म्हणून ऊन टाळा, असं आम्हाला सांगितलेलं असतं. मी पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि टोपी घालूनच फिरत होतो. पॅराथायरॉइड वाढलेलं होतं, फॉस्फरस कमी आणि कॅल्शियम वरच्या टोकाला. त्यामुळं ऑर्थोवाल्यांनी दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या मॅडमनी तिथल्या तिथं थांबवल्या. हाड ठिसूळ म्हटलं की कॅल्शियम खा, हे गणित किडनीवाल्यांना डोळे झाकून लागू पडत नाही. कॅल्शियम आधीच वर असेल तर आणखी गोळ्यांनी नव्या किडनीलाच त्रास.

दुसरी काळजी अशी की काही किडनी पेशंटांचं हाड झिजत नसतं. त्याची मोडतोड-बांधणी जवळजवळ थांबलेली असते. अशांना झीज थांबवायचं औषध देऊन फायदा नाही, नुकसान होऊ शकतं. खात्रीनं ओळखायचं तर कंबरेच्या कडेच्या हाडाचा तुकडा काढून तपासावा लागतो, आधी टेट्रासायक्लिनच्या गोळ्या देऊन. आणि ती सोय मोजक्याच ठिकाणी आहे. माझं पॅराथायरॉइड आणि अल्कलाइन फॉस्फटेज दोन्ही वर होते, म्हणजे हाड जागं होतं, म्हणून तुकड्याशिवाय भागलं.

आठवड्याला ६०,००० युनिटची ड जीवनसत्त्वाची पुडी, दोन महिने. मग पुन्हा रक्त. पॅराथायरॉइड बरंच उतरलं. मग दाताच्या डॉक्टरांकडं. मला वाटलं चुकून पाठवलं. पण हाडाची झीज थांबवणाऱ्या औषधांवर असताना दात काढला तर क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही, म्हणून किडलेली दाढ आधीच काढून टाकायची. दाढ गेली, हिरडी भरली, तेव्हा कुठं झोलेड्रॉनिक ॲसिडचं सलाईन लागलं. वर्षातून एकदा, ५ मिलिग्रॅम, अर्ध्या तासात संपलं. किडनीची गाळायची क्षमता मिनिटाला ३५ मिलिलिटरच्या खाली असेल तर हे देत नाहीत. माझा ईजीएफआर, म्हणजे त्या क्षमतेचा आकडा, साठच्या पुढं होता. सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅब नावाचं दुसरं इंजेक्शन आहे, ते किडनी कमजोर असली तरी देता येतं, पण कॅल्शियम एकदम खाली जाण्याची भीती असते. आणि त्याची तारीख चुकवून चालत नाही; थांबवलं की थोपवलेली झीज उसळते आणि मणके एकामागून एक दबू शकतात. मॅडमनी मला विचारलं, ‘दर सहा महिन्यांनी ठरल्या आठवड्यात पुण्याला याल?’ मी निवडणुकीची ड्यूटी, परीक्षा, पावसाळ्यातली एसटी आठवून नाही म्हटलं. रुग्ण कुठं राहतो यावरही औषध ठरतं, हे मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी १०१ ताप. पहिल्या सलाईननंतर तो अनेकांना येतो, अंगही मोडून येतं. पण प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याला ताप आला की तो औषधाचा की जंतुसंसर्गाचा, हे घरी बसून ठरवता येत नाही. फोन केला, रक्त-लघवी तपासली, काही निघालं नाही. दोन दिवसांत उतरला.

या सगळ्या काळात ओपीडीच्या बाकावर मुंबईचे एक गृहस्थ भेटायचे. माझ्याच वयाचे, प्रत्यारोपणही त्याच वर्षीचं, गोळ्या त्याच. कंपनीचा विमा होता. त्यांचा डेक्सा ऑपरेशनच्या आधीच झालेला, नंतर वर्षभरानं पुन्हा, आणि मधे घट दिसल्याबरोबर औषध सुरू. त्यांना कळलंही नाही की काही होता होता टळलं. माझा मणका मोडला तेव्हा माझी तपासणी झाली. आणि मीही नशीबवानच म्हणायचा, कारण माझा मणका दुखला. दबलेले बरेच मणके दुखतच नाहीत. माणूस नुसता बुटका होत जातो, वाकत जातो. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे की रोज २.५ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त स्टेरॉइड तीन महिन्यांहून अधिक चालणार असेल तर हाड मोडण्याचा धोका तेव्हाच तपासा. आमच्या बाकावर बसलेल्यांपैकी जवळजवळ प्रत्येक जण त्यात बसतो. मी विचारत सुटलो होतो, मास्तरची सवय. लातूरकडचे, बीडचे, नंदुरबारचे. डेक्सा झालेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यांतले बहुतेक पुण्या-मुंबईचे.

त्या बाकावर आणखी एक गोष्ट दिसायची. किडनी घेणारे बहुतेक पुरुष. शेजारी बसलेली, किडनी देणारी, आई किंवा बायको. देशभर हेच चित्र आहे. मला किडनी माझ्या आईनं दिली.

आईला दाता म्हणून घेताना काय तपासलं नाही? सीटी अँजिओग्राफी, किडनीचा डीटीपीए स्कॅन, हृदय, फुप्फुसं, साखर. तिचा उजवा मनगट आठ-दहा वर्षांपूर्वी अंगणात घसरून मोडला होता; प्लॅस्टर घातलं होतं, जरा वाकडाच जुळला. त्याची फाइलमध्ये ‘जुनं फ्रॅक्चर’ अशी नोंद आहे. पाळी गेलेल्या बाईचं मनगट उभ्या उंचीवरून पडून मोडलं तर हाडांची तपासणी करायची असते, हे मला माझ्या मणक्यामुळं कळलं. तोवर तिची एकच तपासणी झाली होती. महिला दिनाला औषध दुकानाबाहेर मोफत शिबिर होतं. टाच एका यंत्रात ठेवायची, चिठ्ठी निघते. ‘थोडं कमी आहे’ म्हणून तिला कॅल्शियमची डबी विकली. टाचेच्या त्या यंत्रावरून ऑस्टिओपोरोसिसचं निदान करत नाहीत, फार तर पुढं डेक्साला पाठवायचं. पाठवलं कुणी नाही.

मी तिला डेक्साला चल म्हटलं तर म्हणाली, ‘मला काय धाड भरलीय? तू तुझं बघ.’ दात्यांची स्वतःची फाइल नसते. पहिल्या वर्षी एक-दोनदा बोलावतात, मग ती घेणाऱ्याची सोबतीण होऊन येते, पिशवी धरून. एक किडनी गेल्यावर दात्याचंही पॅराथायरॉइड थोडं वर राहतं, हे मॅडमनी मी विचारल्यावर सांगितलं. आईला मी नेलं ते खोटं बोलून. माझ्या तपासणीला सोबत हवी म्हणून. काउंटरवर तीच मुलगी होती. या वेळी तिनं बरोबर माणसाला फॉर्म दिला.

आईचा मणक्यांचा टी-स्कोअर उणे ३.१, खुब्याचा उणे २.८. माझ्यापेक्षा वाईट. मॅडमनी तिच्या नावाचा वेगळा केसपेपर काढायला लावला. तिची उरलेली किडनी चांगली आहे, त्यामुळं आठवड्याची अ‍ॅलेन्ड्रोनेट ७० मिलिग्रॅम. गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याच्या पूर्ण ग्लासाबरोबर, नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचं-प्यायचं नाही, नाहीतर अन्ननलिका पोळते. रविवार ठरवलाय, कारण त्या दिवशी मी घरी असतो. चहाला अर्धा तास उशीर होतो यावरून दर रविवारी आमची वादावादी होते. शेजारच्या दोन बायांना तिनं मनगटाची गोष्ट सांगितली आणि त्या आता मला विचारतायत, डेक्साला पुण्यालाच जावं लागतं का, की सोलापुरात कुठं होतो. चौकशी करतोय.